नॅनोपार्टिकल दिल्यावर बॅक्टेरियाचं अँटिऑक्सिडंट काम वाढतं की घटतं, हे नीट मोजायचं कसं

हा प्रयोग कागदावर फार सोपा दिसतो. सिल्व्हर नाहीतर झिंक ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल घ्या, बॅक्टेरियाच्या कल्चरमध्ये टाका, काही तासांनी पेशी फोडा, कॅटालेज आणि एसओडी हे संरक्षक एन्झाइम मोजा, बार ग्राफ काढा आणि खाली लिहा की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसमुळे (ऑक्सिजनच्या आक्रमक रूपांचा पेशीवरचा ताण) एन्झाइम वाढले. किंवा घटले. दोन्हीचं स्पष्टीकरण देता येतं, आणि तिथेच खरं पाणी मुरतं, कारण जो निकाल आला तो कसाही पटवून देता येत असेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. त्यामुळे या लेखात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे: मशीनवर दिसलेला हा आकडा बॅक्टेरियाचा आहे की पार्टिकलचा?

आधी ठरवा, मोजायचंय काय

बॅक्टेरियाची अँटिऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबतात. पहिली म्हणजे पेशीच्या आतली संरक्षण यंत्रणा: सुपरऑक्साइडला हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बदलणारं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज म्हणजे एसओडी, पेरॉक्साइडचं पाणी करणारं कॅटालेज, पेरॉक्सिडेजेस, आणि ग्लुटाथायोनसारखे थायॉल (गंधकवाले रेणू). दुसरी म्हणजे डीपीपीएच किंवा एबीटीएससारख्या रंगीत रॅडिकलला (जोडी नसलेल्या इलेक्ट्रॉनच्या रेणूला) विझवण्याची बॅक्टेरियाच्या अर्काची ताकद, जी प्रोबायोटिकवाले जास्त वापरतात. पहिल्यात तुम्ही बॅक्टेरिया स्ट्रेसला कसा तोंड देतो ते बघता, दुसऱ्यात त्याच्यात रिड्युसिंग (इलेक्ट्रॉन देणारा) माल किती आहे ते बघता. दोन्ही करायला हरकत नाही पण एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या गळ्यात घालू नका.

मग बॅक्टेरिया कुठला ते बघा, कारण प्रत्येकाचं शस्त्रागार वेगळं असतं. ई. कोलायकडे तीन एसओडी असतात (मँगेनीजवालं, लोहवालं आणि पेरिप्लाझम म्हणजे दोन पडद्यांमधल्या जागेतलं तांबं-झिंकवालं), कॅटालेज दोन, कॅट-जी आणि कॅट-ई, आणि शिवाय अल्काइल हायड्रोपेरॉक्साइड रिडक्टेज, जे पेशीत रोजच्या रोज तयार होणारं थोडं थोडं पेरॉक्साइड साफ करतं. म्हणजे पेरॉक्साइड कमी असताना कॅटालेज हा मुख्य कामगारच नसतो, तो जास्त पेरॉक्साइड आल्यावर कामाला येतो. स्टॅफ. ऑरियसची गोष्ट अजून वेगळी. त्याच्याकडे ग्लुटाथायोन नसतंच, बॅसिलिथायॉल असतं. बॅसिलस सबटिलिसचंही तसंच. तरी स्टॅफमध्ये ग्लुटाथायोन मोजल्याचे दावे दिसतात, प्रत्यक्षात तिथे एकूण थायॉल मोजलेले असतात. स्टॅफच्या सोनेरी रंगाचं पिगमेंट, स्टॅफायलोझँथिन, हेसुद्धा रॅडिकल झेलतं, म्हणजे पार्टिकलमुळे कॉलनी फिकट पडायला लागल्या तर तोही डेटा आहे, नोंदवून ठेवा. आणि लॅक्टोबॅसिलस गटातल्या बऱ्याच जातींकडे नेहमीचं हीमवालं कॅटालेज नसतं, काही जाती पेशीत मँगेनीज साठवून सुपरऑक्साइडला तोंड देतात, तर अशा बॅक्टेरियात कॅटालेज मोजत बसलात तर शून्याच्या आसपासचे आकडे घेऊन त्यावर स्टॅटिस्टिक्स करत बसाल.

पार्टिकलची कुंडली

यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम, टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो), डीएलएस (द्रवातल्या पार्टिकलचा आकार), झीटा पोटेन्शियल (पृष्ठभागाचा चार्ज) हे सगळे करतात, पण करतात कशात? डिस्टिल्ड वॉटरमध्ये. बॅक्टेरिया मात्र पाण्यात वाढत नाही, तो मीडियात वाढतो. सिल्व्हरचा ४०० ते ४२० नॅनोमीटरचा सुंदर पीक पाण्यात दिसतो आणि ब्रॉथमध्ये टाकून अर्धा तास ठेवलं की बुटका आणि पसरट होतो, कारण मिठामुळे पार्टिकल एकमेकांना चिकटतात आणि प्रोटीनचा थर त्यांच्यावर बसतो. म्हणून डीएलएस आणि स्पेक्ट्रम दोन्ही प्रयोगाच्याच मीडियात, प्रयोगाच्याच तापमानाला, सुरुवातीला आणि शेवटी असे दोनदा घ्या. झीटा साधारण उणे ३० मिलिव्होल्टपेक्षा खाली किंवा अधिक ३० च्या वर असेल तर सस्पेन्शन स्थिर मानतात, पण तो नियम चार्जवर टिकून असलेल्या पार्टिकलचा आहे, पीव्हीपीसारख्या पॉलिमरचं कोटिंग असेल तर कमी झीटावरही ते टिकतात.

मीडिया निवडतानाच अर्धी लढाई होते. नेहमीच्या एलबी ब्रॉथमध्ये लिटरला १० ग्रॅम मीठ असतं, म्हणजे क्लोराइड जवळजवळ १७० मिलिमोलर, त्यात सुटलेलं सिल्व्हर आयन क्लोराइडबरोबर बसून खाली जातं, शिवाय पेप्टोनमधले थायॉल ते गिळतात. तुम्हाला वाटतं बॅक्टेरिया रेझिस्टंट आहे. झिंक ऑक्साइडला क्लोराइडचं काही नाही पण फॉस्फेट भरपूर असलेल्या मीडियात झिंक फॉस्फेट तयार होतं. सगळ्या पार्टिकलला चालेल असा मीडिया नसतो, आपल्या पार्टिकलचा शत्रू कोण ते बघून ठरवायचं आणि ते मेथडमध्ये लिहायचं.

टायटॅनियम डायऑक्साइड आणि झिंक ऑक्साइड वापरणार असाल तर उजेडाकडे कानाडोळा करू नका. ॲनाटेज प्रकारच्या टायटॅनियमचा बँड गॅप (त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की ते स्वतःच रॅडिकल बनवायला लागतं. एक सेट अंधारात आणि एक सेट मोजून दिलेल्या उजेडात ठेवा. खिडकीजवळचा शेकर आणि आतल्या खोलीतला शेकर यांचे निकाल वेगळे येतात ते उगाच नाही.

डोस ठरवताना होणारा मोठा घोटाळा

एमआयसी (वाढ थांबवणारा सगळ्यात कमी डोस) काढा, त्याचा अर्धा, पाव, अष्टमांश डोस घ्या, इथपर्यंत सगळं ठीक. गडबड पुढे होते. ब्रॉथ मायक्रोडायल्युशनमध्ये मिलीलिटरला साधारण ५ लाख पेशी असतात. एन्झाइम मोजायला मात्र पेशी भरपूर लागतात, म्हणून कल्चर ओडी (गढूळपणाचा आकडा) ०.४-०.५ पर्यंत वाढवून पार्टिकल टाकतात, तेव्हा ई. कोलायच्या पेशी मिलीलिटरला साधारण वीस ते चाळीस कोटींच्या घरात असतात. म्हणजे डोस मायक्रोग्रॅममध्ये तोच दिसला तरी एका पेशीच्या वाट्याला येणारं पार्टिकल शेकडो पटीने कमी झालं! मग एमआयसीवरही काही होत नाही, आणि लोक डोस अंदाजे वाढवत सुटतात.

याला उपाय असा की एमआयसीचा आकडा फक्त दिशा म्हणून घ्यायचा आणि ज्या घनतेला एन्झाइमचा प्रयोग करणार त्याच घनतेला, त्याच मीडियात, त्याच फ्लास्कमध्ये वेगळा टाइम-किल (किती वेळात किती पेशी मरतात ते बघणं) करायचा. ०, ३० मिनिटं, १, २, ४ तासांना प्लेटिंग करा. जिथे सीएफयू (प्लेटवर कॉलनी देणाऱ्या जिवंत पेशी) कंट्रोलच्या जवळपास तेवढेच राहतात पण वाढ थोडी मंदावते तो तुमचा कामाचा डोस. ९० टक्के पेशी मेल्या असतील तिथला एन्झाइमचा आकडा हा मेलेल्या पेशींचा पंचनामा असतो, त्याला रिस्पॉन्स म्हणता येत नाही.

ओडीवर फार विसंबू नका, पार्टिकल स्वतः प्रकाश विखुरतात त्यामुळे ओडी फुगतो. ओडी घ्यायचाच तर तेवढाच पार्टिकल असलेला, बॅक्टेरिया नसलेला मीडिया ब्लँक म्हणून वजा करा, तरी गुठळ्या झाल्या तर तेही फसतं. शेवटी सीएफयूच खरं.

कंट्रोल, ज्यांच्यावाचून पुढे जाऊ नका

पार्टिकल न दिलेला कंट्रोल सगळेच ठेवतात. मला विचाराल तर त्याच्याइतकाच महत्त्वाचा आयनचा कंट्रोल आहे. सिल्व्हरसाठी सिल्व्हर नायट्रेट, झिंक ऑक्साइडसाठी झिंक सल्फेट, पण तो एकूण धातूच्या बरोबरीने ठेवला तर अन्याय होतो, कारण पार्टिकलमधून सगळा धातू सुटत नाही. प्रयोगाच्याच मीडियात, तेवढाच वेळ पार्टिकल ठेवा, अल्ट्राफिल्ट्रेशनच्या ट्यूबमधून गाळा, खाली आलेल्या पाण्यात आयसीपी-एमएस किंवा ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनने विरघळलेला धातू मोजा आणि तेवढाच आयन कंट्रोलमध्ये द्या. हे केलं नाही तर नॅनोचा परिणाम हे शब्दच वापरता येत नाहीत.

मग कोटिंगचा कंट्रोल, म्हणजे सायट्रेट, पीव्हीपी जे काही असेल ते एकटं. वनस्पतीच्या अर्कातून ग्रीन सिंथेसिस केलं असेल तर हा कंट्रोल दुप्पट महत्त्वाचा, कारण अर्कातले फिनॉल स्वतःच अँटिऑक्सिडंट असतात आणि पार्टिकलवर चिकटून बसलेले असतात, एसओडीच्या चाचणीतल्या एनबीटी या डायला आणि डीपीपीएचला ते सरळ रिड्यूस करतात. अशा पार्टिकलमुळे बॅक्टेरियाची अँटिऑक्सिडंट ॲक्टिव्हिटी वाढली असं दिसलं तर ती पाल्याची नाही हे आधी दाखवा.

पॉझिटिव्ह कंट्रोलही हवा. पेरॉक्साइडच्या रिस्पॉन्ससाठी थोड्या मिलिमोलरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड, सुपरऑक्साइडसाठी पॅराक्वाट किंवा मेनाडिओन. ई. कोलायमध्ये पेरॉक्साइडने ऑक्सी-आर हा जीन चालू करणारा स्विच जागा होतो आणि कॅट-जी वाढतं, पॅराक्वाटने सॉक्स-आर-एस हा दुसरा स्विच जागा होतो आणि मँगेनीजवालं एसओडी वाढतं. तुमच्या हातात हे दोन वाढताना दिसले नाहीत तर पद्धतीतच गोम आहे, पार्टिकलपर्यंत जायची घाई नको. पॅराक्वाट माणसाला अत्यंत विषारी आहे, त्यामुळे शक्य असेल तर मेनाडिओनवर भागवा.

एक्सपोजर: वेळ आणि ग्रोथ फेज

रात्रभर वाढवलेलं कल्चर ताज्या मीडियात १०० पट पातळ करा, मिड-लॉगला (वेगाने वाढण्याच्या मध्यावर) येऊ द्या, मग एकच फ्लास्क वाटून सगळे सेट करा, वेगवेगळ्या फ्लास्कमधून सुरुवात नको. पार्टिकल टाकायच्या आधी बाथ सोनिकेटरमध्ये फोडून घ्या आणि लगेच टाका.

आता ग्रोथ फेजची भानगड. ई. कोलायचं कॅट-ई हे आरपीओ-एस या नियंत्रक प्रोटीनच्या ताब्यात असतं आणि स्टेशनरी फेजमध्ये (वाढ थांबल्यावर) आपोआप वाढतं. समजा तुम्ही ८ किंवा २४ तास एक्सपोजर दिलं. कंट्रोल तोवर स्टेशनरीत पोचला, पार्टिकलवालं कल्चर मंदावल्यामुळे अजून लॉगमध्येच आहे. कंट्रोलमध्ये कॅटालेज जास्त, पार्टिकलमध्ये कमी, आणि तुम्ही लिहिणार की पार्टिकलने कॅटालेज दाबलं. त्याने फक्त वाढ लांबवली! म्हणून छोटे एक्सपोजर, ३० मिनिटं ते २ तास, बरेच विश्वासाचे. लांब एक्सपोजर हवंच असेल तर घड्याळ न बघता सारख्या ग्रोथ फेजला दोन्ही काढा.

धुणं आणि फोडणं

४ डिग्रीला ५,००० जीला १० मिनिटं फिरवून पेलेट घ्या, थंड ५० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर, पीएच ७.०, याने तीनदा धुवा. सिल्व्हर असेल तर पीबीएस टाळा, त्यात मीठ असतं. हे लक्षात असू द्या की पार्टिकलच्या गुठळ्याही पेशींबरोबर खाली येतात, पेलेटवर करडा किंवा काळपट थर दिसला तर समजून जा. धुण्याने त्या पूर्ण जात नाहीत.

बर्फात ठेवून प्रोब सोनिकेशन, १० सेकंद चालू ३० सेकंद बंद असं करत जा, नळी हाताला कोमट लागली तर थांबा. स्टॅफ नुसत्या सोनिकेशनने नीट फुटत नाही, आधी लायसोस्टॅफिन द्या किंवा बीड बीटर वापरा, लायसोझाइमला तो दाद देत नाही. पीएमएसएफ १ मिलिमोलर घातलंत तर प्रोटीन तोडणाऱ्या प्रोटीएजपासून बचाव. मग १२,००० जी, २० मिनिटं, ४ डिग्री, वरचं स्वच्छ लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) बर्फात. त्याच दिवशी मोजा, पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की ॲक्टिव्हिटी पडते.

प्रोटीन ब्रॅडफर्डने, ५९५ नॅनोमीटरला, बीएसएच्या स्टँडर्डवर. पार्टिकल डाय शोषून घेऊ शकतात म्हणून कंट्रोल लायसेटमध्ये मुद्दाम पार्टिकल घालून प्रोटीनचा आकडा बदलतो का ते एकदा बघून घ्या. भागाकारातला खालचा आकडा चुकला तर वरचा कितीही काळजीने मोजलेला असो, उपयोग नाही. ॲक्टिव्हिटी प्रति मिलिग्रॅम प्रोटीन आणि प्रति सीएफयू अशा दोन्ही प्रकारे काढून ठेवा, दोन्हींची दिशा एकच आली तर बरं, उलटी आली तर पेशी मरून प्रोटीन गळतंय असा संशय घ्यायला जागा आहे.

कॅटालेज

क्वार्ट्झ क्युव्हेट किंवा यूव्ही प्लेट लागते, कारण पेरॉक्साइड २४० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं आणि ते तुटलं की रीडिंग पडतं, साधं प्लॅस्टिक तिथे चालत नाही. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड म्हणजे साधारण ९.८ मोलर, त्यातलं १०२ मायक्रोलिटर बफरमध्ये टाकून १०० मिलिलिटर केलं की १० मिलिमोलर होतं. जुनी बाटली कमकुवत झालेली असते म्हणून विश्वास न ठेवता २४० ला रीडिंग घ्या, १ सेंटिमीटर पाथला ०.४३-०.४४ आलं पाहिजे, कारण एक्स्टिंक्शन कोइफिशियंट (किती प्रकाश शोषला जातो त्याचा गुणांक) ४३.६ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर धरतात. ९५० मायक्रोलिटर हे, ५० मायक्रोलिटर लायसेट, आणि १ ते २ मिनिटं उतार बघा. उतार सरळ रेषेत असलेला भागच घ्यायचा. खूप वेगाने पडत असेल तर लायसेट पातळ करा, बुडबुडे दिसायला लागले तर रीडिंग गेलंच.

हिशेब बघा. मिनिटाला ०.०६० घट झाली, ती ०.०४३६ ने भागली की १.३८ मिलिमोलर प्रति मिनिट, १ मिलिलिटरमध्ये म्हणजे १.३८ मायक्रोमोल. लायसेटमध्ये प्रोटीन १.२ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर ५० मायक्रोलिटरमध्ये ०.०६ मिलिग्रॅम, म्हणजे २२.९ युनिट प्रति मिलिग्रॅम. छान. आता तेच लायसेट ९५ डिग्रीला १० मिनिटं उकळा, गार करा, पुन्हा मोजा. प्रोटीन मेलं म्हणजे शून्य यायला हवं. पण समजा मिनिटाला ०.०१५ अजूनही पडतंय. हे कोण करतंय? उरलेलं पार्टिकल. सिल्व्हरच्या पृष्ठभागावर पेरॉक्साइड तुटतं, सेरियम ऑक्साइड तर कॅटालेज आणि एसओडी दोघांची नक्कल करतं, लोहाच्या मॅग्नेटाइट पार्टिकलमध्ये पेरॉक्सिडेजसारखी ॲक्टिव्हिटी असल्याचं २००७ पासून माहीत आहे. म्हणजे खरी ॲक्टिव्हिटी ०.०४५ वरून काढायची, ती आली १७.२. एक चतुर्थांश कॅटालेज पार्टिकलचं निघालं. उकळलेल्या लायसेटचा ब्लँक हा पाच मिनिटांचा कंट्रोल आहे आणि तो ठेवला नाही तर मेथड सेक्शन वाचायचीही गरज नाही असं माझं मत.

उलटी फसवणूकही होते. सुटलेलं सिल्व्हर आयन लायसेटमध्ये उतरून एन्झाइमला क्युव्हेटमध्येच अडवतं. जिवंत पेशीत कॅटालेज कमी झालंच नव्हतं, फोडल्यावर अडकलं. हे तपासायला पार्टिकल न दिलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये पार्टिकल आणि आयन वेगवेगळे घाला, १५ मिनिटं ठेवा, ॲक्टिव्हिटी पडते का बघा. पडली तर तुमचा घटीचा निकाल संशयास्पद.

एसओडी

एनबीटीची पद्धत सगळ्यात चालते: ५० मिलिमोलर फॉस्फेट पीएच ७.८, मेथिओनीन १३ मिलिमोलर, एनबीटी ७५ मायक्रोमोलर, ईडीटीए ०.१ मिलिमोलर आणि शेवटी रायबोफ्लेविन २ मायक्रोमोलर. उजेडात १० ते १५ मिनिटं ठेवा, निळा-जांभळा रंग येतो, ५६० ला मोजा, एसओडी जेवढं जास्त तेवढा रंग कमी. ५० टक्के रंग अडवणारं प्रमाण म्हणजे १ युनिट. लायसेटचं एकच प्रमाण घालून टक्केवारी काढू नका, चार-पाच प्रमाणं घाला आणि ५० टक्के कुठे येतं ते वक्रावरून वाचा, कारण हा वक्र सरळ नसतो.

इथेही तेच, उकळलेलं लायसेट हवंच, आणि अंधारातला सेटही. झिंक ऑक्साइड, टायटॅनियमचे पार्टिकल उरलेले असतील तर दिव्याखाली ते स्वतः रंग वाढवतात आणि एसओडी घटल्याचा भास होतो. ट्यूब एकाच उजेडात, दिव्यापासून सारख्याच अंतरावर ठेवा, कडेच्या आणि मधल्या ट्यूबमध्ये फरक पडतो.

खरं सांगायचं तर एकूण एसओडीच्या आकड्यापेक्षा मला नेटिव्ह जेल जास्त आवडतं. सारखं प्रोटीन लोड करा, एसडीएस न घालता जेल चालवा, एनबीटी-रायबोफ्लेविनने रंगवा, निळ्या जेलवर एसओडी असेल तिथे पांढरे पट्टे येतात. कुठला पट्टा कोणाचा हे इन्हिबिटरने कळतं: सायनाइडने तांबं-झिंकवालं बंद पडतं, पेरॉक्साइडने लोहवालं आणि तांबं-झिंकवालं दोन्ही, मँगेनीजवालं दोन्हींना पुरून उरतं. आणि जेलमध्ये प्रोटीन पार्टिकलपासून वेगळं होत असल्यामुळे वरची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. सायनाइड वापरताना आम्ल जवळ नको, फ्युम हुडमध्येच काम.

थायॉल, एमडीए आणि डीसीएफ

डीटीएनबीने थायॉल मोजतात, ४१२ ला पिवळा रंग, कोइफिशियंट १४,१५० प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. सिल्व्हर असेल तर ते थायॉलला घट्ट धरतं, त्यामुळे कमी आलेला आकडा ऑक्सिडेशनमुळे की धातू चिकटल्यामुळे हे डीटीएनबी सांगू शकत नाही. ऑक्सिडाइज्ड आणि रिड्युस्ड ग्लुटाथायोन वेगवेगळं मोजा, एकूण दोन्ही मिळून घटलं आणि ऑक्सिडाइज्ड वाढलं नाही तर धातूवर संशय.

एमडीए (मेम्ब्रेनमधली चरबी ऑक्सिडाइज झाल्यावर उरणारा तुकडा) म्हणजे टीबीएची चाचणी, ५३२ ला मोजून ६०० चं वजा करतात, कोइफिशियंट १५५ प्रति मिलिमोलर. वनस्पतीवाल्यांकडून ती उचलून बॅक्टेरियाला लावली जाते. ई. कोलायच्या मेम्ब्रेनमध्ये मुख्यतः सॅच्युरेटेड आणि एकच डबल बाँड असलेली फॅटी ॲसिड असतात, पॉलिअनसॅच्युरेटेड जवळजवळ नाहीतच, आणि एमडीए प्रामुख्याने त्यांच्यातूनच बनतं. मग गुलाबी रंग कुठून येतो? टीबीए साखरेशी आणि इतर आल्डिहाइडशीही रंग देतं. ई. कोलायसाठी मी ही चाचणी यादीतून काढूनच टाकेन.

आरओएस (ऑक्सिजनची आक्रमक रूपं) दाखवणाऱ्या डीसीएफएच-डीए या डायबद्दल थोडक्यात: आधी पेशींना १० मायक्रोमोलर डाय अंधारात ३० मिनिटं पाजा, धुवा, मग पार्टिकल द्या, ४८५ वर उत्तेजित करून ५३५ ला वाचा. हा डाय पेरॉक्साइडचा खास नाही, मोकळं लोह आणि पेरॉक्सिडेजही त्याला चमकवतात, सिल्व्हर-सोन्याचे पार्टिकल चमक विझवूही शकतात. म्हणून आधीच चमकणाऱ्या डीसीएफमध्ये पार्टिकल घालून चमक किती घटते ते बघा आणि पेशी नसलेल्या सेटमध्ये पार्टिकल डायला एकटं चमकवतं का तेही.

डीपीपीएच आणि एबीटीएस करायचंच असेल तर

डीपीपीएच अल्कोहोलमध्ये असतं, त्यात लायसेट टाकलं की प्रोटीन साकळतं आणि ५१७ चं रीडिंग गढूळपणाचं येतं. पाण्यात चालणारं एबीटीएस बरं: ७ मिलिमोलर एबीटीएस आणि २.४५ मिलिमोलर पोटॅशियम परसल्फेट १२ ते १६ तास अंधारात ठेवून, पातळ करून ७३४ ला ०.७० वर आणा. अखंड पेशी, लायसेट आणि कल्चरचं सुपरनेटंट तिन्ही वेगळे मोजा, आणि सुपरनेटंटला न वापरलेल्या मीडियाचा ब्लँक लावा, कारण यीस्ट एक्स्ट्रॅक्ट स्वतःच एबीटीएसचा रंग घालवतो.

वाढलं तर काय, घटलं तर काय

कमी डोसला वाढ आणि जास्त डोसला घट असा आकार बऱ्याचदा येतो. वाढ म्हणजे बॅक्टेरिया सावध होऊन जास्त एन्झाइम बनवतोय, तर तिला जीनची साक्ष हवी: आरटी-क्यूपीसीआरने कॅट-जी, सॉड-ए, सॉक्स-एस वाढले का बघा, तेही एन्झाइमच्या आधीच्या वेळी, १०-२० मिनिटांना, कारण ही लाट लवकर येते आणि ओसरते. जीन वाढला पण एन्झाइम घटलं तर प्रोटीन बनतंय पण निकामी होतंय. जीन हललाच नाही आणि ॲक्टिव्हिटी मात्र वाढली, तर पुन्हा उकळलेल्या लायसेटच्या ब्लँककडे वळा.

आरओएसच कारण आहे हे सिद्ध करायला लोक एन-ॲसिटाइल सिस्टीन (एनएसी) घालतात, बॅक्टेरिया वाचला की झालं सिद्ध. सिल्व्हरच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे! एनएसी हे थायॉल आहे, ते सिल्व्हर आयनलाच पकडून ठेवतं, थायोयुरियाही तसंच. तिथे रॅडिकल विझले म्हणून नाही, विषच बांधलं गेलं म्हणून पेशी वाचल्या. त्यापेक्षा मॅनिटॉल किंवा बाहेरून घातलेलं शुद्ध कॅटालेज कमी फसवं.

ऑक्सिजन काढून टाकून बघणं हा चांगला प्रयोग आहे, पण सिल्व्हरला त्यातही मेख आहे. सिल्व्हर पार्टिकलमधून आयन सुटायलाच ऑक्सिजन लागतो. २०१२ मध्ये नॅनो लेटर्समध्ये आलेल्या कामात हवा पूर्ण वगळून पार्टिकल दिले तर ई. कोलायवर जवळजवळ काहीच परिणाम झाला नाही. म्हणजे ॲनेरोबिकमध्ये परिणाम गेला याचा अर्थ आरओएस गेले असाही होतो आणि आयन गेले असाही. सोबत सिल्व्हर नायट्रेटचा ॲनेरोबिक सेट ठेवा, तो तिथेही मारत असेल तर ऑक्सिजनच्या रॅडिकलशिवायही सिल्व्हरचं काम चालतं हे उघड झालं.

सगळ्यात पक्का पुरावा म्युटंटचा. ई. कोलायच्या केइओ (Keio) कलेक्शनमध्ये एकेक जीन काढलेले स्ट्रेन मिळतात. ऑक्सी-आर नसलेला, सॉड-ए नसलेला स्ट्रेन मूळ स्ट्रेनपेक्षा पार्टिकलला लवकर बळी पडला तर ती यंत्रणा खरोखर पेशीला वाचवत होती. फरकच पडला नाही तर एन्झाइम कितीही वाढलेलं दिसो, मरण दुसऱ्याच कारणाने येतंय. एकच जीन काढलेला असताना दुसरं एन्झाइम त्याची जागा भरून काढू शकतं, ही शक्यता मात्र ठेवा.

आकडे मांडताना

एका फ्लास्कमधून तीन ट्यूब भरल्या म्हणजे एन (स्वतंत्र प्रयोगांची संख्या) तीन होत नाही, तो एकच. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या कॉलनीपासून सुरू केलेले किमान तीन प्रयोग आणि जमलं तर पार्टिकलच्या दोन वेगळ्या बॅच, कारण घरचे बनवलेले पार्टिकल दर बॅचला थोडे बदलतातच. सगळे डोस एका कंट्रोलशी ताडायचे असतील तर एएनओव्हीएनंतर डनेट, सगळ्यांची आपसात तुलना असेल तर ट्युकी. बार ग्राफवर प्रत्येक प्रयोगाचा ठिपका दाखवा. डोस मायक्रोग्रॅममध्ये तर द्याच, शिवाय किती सीएफयूला दिला, मीडिया कुठला, उजेड किती, विरघळलेला धातू किती हेही लिहा, नाहीतर दुसऱ्या लॅबला तो प्रयोग पुन्हा करताच येणार नाही.

सुके नॅनोपावडर उघड्यावर तोलू नका, हुडमध्ये मास्क लावून तोला किंवा सरळ सस्पेन्शन विकत घ्या. पेशी असलेला सगळा माल ऑटोक्लेव्ह होऊनच बाहेर, पण ऑटोक्लेव्हने धातू मरत नाही, त्यामुळे सिल्व्हर-झिंकचं पाणी सिंकमध्ये न ओतता हेवी मेटलच्या वेगळ्या कॅनमध्ये. ब्लीच टाकलेल्या कल्चरचं ऑटोक्लेव्ह करू नका, आणि पेरॉक्साइडची उरलेली बाटली घट्ट झाकण लावून धातूच्या कचऱ्याशेजारी तर अजिबात ठेवू नका, गॅस साठून फुटते.